जोडी हाय का?

गाडी सुटायच्या आधी रामकिसनकाका दारात उभे राहायचे आणि घसा फोडून ओरडायचे, “जोडी हाय का?”

ते ओरडले, की मग पुढच्या सीटपासून सुरू. प्रत्येकानं आपल्या शेजारी बसलेल्या माणसाचं नाव घ्यायचं आणि ‘हाय’ म्हणायचं. स्वतःचं नाव घ्यायचं नाही, शेजारच्याचं घ्यायचं. रामकिसनकाका या यात्रेच्या गाडीचे मॅनेजर, आणि पद्धतही त्यांचीच. ते म्हणायचे, “माणूस हरवला तर त्याला सवताला कळत नाय. पण शेजारची सीट मोकळी झाली की बरोबर गार वारं लागतं.”

अंबिकाची जोडी म्हणजे तिची आजी, म्हाळसाबाई. दोघींची सीट बरोबर मागच्या चाकावर. तिथं पायाखाली लोखंडी फुगवटा होता, त्यामुळे पाय लांब करायचा प्रश्नच नव्हता. गुडघे हनुवटीपर्यंत आणून, खुराड्यातल्या कोंबडीसारखं बसायचं. पहिल्या दिवशी जी जागा मिळाली तीच शेवटपर्यंत, हाही काकांचाच नियम. अंबिकाला वाटायचं, या माणसाला देवानं नियम करायलाच जन्माला घातलंय.

अंबिका देवगाव रंगारीची, अकरावीतली. दोन वर्षांपूर्वी तुम्ही तिला भेटला असता तर ती दिसलीच नसती. वर्गात हजेरी घेताना ती ‘यस सर’ इतकं हळू म्हणायची, की सरांनी तिला कित्येकदा गैरहजर लावलं होतं. मग शाळेत मंजुषा मॅडम आल्या. त्यांनी तिला एकदा शेळीमागं धावताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी उचलून खो-खोच्या मैदानात उभं केलं. कन्नडला तालुक्याची फायनल झाली तेव्हा अंबिकानं खांबाजवळ असा सूर मारला, की समोरची पोरगी बाद झाल्यावरसुद्धा ‘मी कशी काय बाद?’ असं विचारत उभी होती. त्या दिवशी अंबिकाच्या घशातलं कसलं तरी बूच उडालं ते उडालंच. आता गाडीत तिची पाळी आली की ती “म्हाळसाबाई हाऽऽय!” असं काही ओरडायची, की ड्रायव्हर उत्तरादाखल हॉर्न द्यायचा.

खरं तर तिला यात्रेला यायचंच नव्हतं. आजीला काशी करायची होती, आणि एकटीला कोण सोडणार? अंबिकाचे आबा, अजिनाथ, मेंढरं घेऊन वैजापूरच्या अंगाला गेलेले, आईला कापसातून उसंत नाही. राहिली अंबिका. तिनं आधी तारखा बघितल्या. गाडी शुक्रवारी परत येणार होती. आणि रविवारी संभाजीनगरला, गारखेड्याच्या क्रीडासंकुलात, जिल्ह्याच्या मुलींच्या खो-खो संघाची निवड चाचणी होती. पुढच्या वर्षी तिचं वय या गटात बसणार नव्हतं. म्हणजे जे काय व्हायचं ते याच रविवारी. शुक्रवारी यायचं, शनिवारी झोपायचं, रविवारी पळायचं. हिशोब एकदम चोख होता. फक्त गाडीला तो कोणी सांगितला नव्हता.

उज्जैन झालं, ओंकारेश्वर झालं, प्रयाग, अयोध्या, काशी झाली. अंबिकानं काय पाहिलं म्हणाल, तर माणसांच्या पाठी पाहिल्या. महाकालाच्या रांगेत लोखंडी नळ्या होत्या, अयोध्येतही नळ्याच. काशीत गल्ली इतकी अरुंद, की समोरून बैल आला आणि सगळी यात्रा एका पेढेवाल्याच्या दुकानात घुसली. झाशीचा किल्ला तिला लई बघायचा होता. तो तिनं गाडीच्या काचेतून, समोरच्या सीटवरच्या वच्छलाबाईंच्या अंबाड्याच्या वर उगवलेला असा पाहिला, आणि पुढच्या वळणावर तो अंबाड्यामागं मावळला. रांगेत उभ्या उभ्या ती चवड्यांवर उड्या मारायची, पाय आखडू नयेत म्हणून. वच्छलाबाई मागं वळून म्हणायच्या, “अगं ए, देवाच्या दारात काय भोवरा झालाय तुझा?”

गर्दीत आजी आपल्या लुगड्याच्या पदराची आणि अंबिकाच्या ओढणीची गाठ मारायची. चांगली करकचून, मेंढराला दाव्याला बांधतात तशी. काशीत एक पंडा म्हणाला, “नवरा-नवरी आले काय?” सगळी गाडी हसली. आजी हसली नाही. तिनं गाठ ओढून पाहिली फक्त.

त्याचं कारण अंबिकाला लहानपणापासून माहीत होतं. आजीची थोरली बहीण सरूबाई. दोघी बहिणी तरण्याताठ्या असताना मालट्रकात बसून नाशिकला सिंहस्थाला गेल्या होत्या. परत येताना येवल्याजवळ ट्रक थांबला, सरूबाई कळशी घेऊन पाण्याला उतरली, आणि ड्रायव्हरनं ट्रक काढला. आरडाओरडा करून माणसं माघारी गेली तर कळशी नळाखाली भरून वाहत होती. सरूबाई नव्हती. कधीच मिळाली नाही. तेव्हापासून म्हाळसाबाईंचं एकच म्हणणं, परतीच्या वाटेवर मधी उतरायचं नाय. मधी उतरलं ते माघारी येत नाय.

आणि मग जबलपूरच्या अलीकडं, एका ढाब्यापाशी, गाडीचा गिअर अडकला.

त्या ढाब्यावर अंबिकानं शुक्रवार घालवला. शनिवारही तिथंच गेला. मेकॅनिक गाडीखाली, बायका बाजेवर, आचारी डिकीतला गॅस काढून तिसऱ्यांदा खिचडी रटरटवतोय, आणि अंबिका रस्त्याच्या कडेला सीताफळाच्या झाडाला खांब समजून त्याच्याभोवती गिरक्या घेतेय. शनिवारी रात्री गाडी निघाली. ‘समृद्धी’ महामार्गानं आले असते तर लवकर पोचले असते, पण तिथं म्हणे टायर तपासतात. आमच्या टायरांची आणि त्यांची भेट नको, असं म्हणून ड्रायव्हरनं जुनाच रस्ता धरला.

रविवारी दुपारी जालना मागं पडलं तेव्हा मंजुषा मॅडमचा फोन आला. “अंबिका, चारला नावं पुकारतील. कुठं आहेस?”

“मॅडम, आलेच! जालन्याच्या पुढं!”

“ये बाळा. मी तुझं नाव शेवटच्या गटात घालायला सांगते. पण त्यानंतर मला काही करता येणार नाही.”

गाडी तर संभाजीनगरातूनच जाणार होती! जालना रोडनं आत शिरायचं, शहर ओलांडायचं, वेरूळला घृष्णेश्वराला काशीची गंगा घालायची आणि मग आपापल्या गावी. सेव्हन हिलच्या पुलापाशी उतरलं की गारखेडा हे काय, रिक्षानं दोन गाणी वाजेपर्यंत.

अंबिका काकांकडं गेली. काका केबिनमध्ये बसून प्रसादाच्या पिशव्या बांधत होते.

“काका, मला सेव्हन हिलला उतरायचंय.”

“कशाला?”

“खो-खोची निवड आहे. जिल्ह्याची.”

“आन् आजी?”

“आजी गाडीत. मी संध्याकाळी एसटीनं येते ना वेरूळला.”

काकांनी पिशवीची गाठ दातांनी ओढली. “पोरी, मी जोड्या मोजून घेतल्या, जोड्याच मोजून देणार. तुझी जोडी म्हणाली जा, तर जा. मी मधी पडत नाय.”

वच्छलाबाईंचे कान पुढच्या सीटवर बसूनही मागं असायचे. त्या कन्नडच्या मोठ्या बागायतदाराच्या घरातल्या, त्यांना सल्ला देताना परवानगी लागत नसे. “हातात गंगा घेऊन निघालोय आपण. अभिषेक झाल्याबिगर कोणी उतरलं तर सगळ्यांची यात्रा मोडती. काशी केली पोरीनं, आन् डोक्यात काय, तर खो-खो!”

“काशीत पण माझ्या डोक्यात खो-खोच होतं, मावशी,” अंबिका म्हणाली. “शंकराला सांगून आलेय मी.”

“बघा! बघा कशी बोलती!”

अंबिका आजीजवळ येऊन बसली. आजीच्या मांडीवर गंगेचा गडू होता. तांब्याचा, तोंड डाखानं बंद केलेला, फडक्यात बांधलेला. बाकीच्यांनी आपापले गडू वरच्या दांड्याला टांगले होते, कारण गंगा वाटेत भुईला टेकवायची नसते. आजीचा टांगण्यावर विश्वास नव्हता. ती धरून बसली होती.

“आजी.”

“नाय.”

“मी अजून काय बोललेपण नाय!”

“मी बहिरी हाय का? सगळी गाडी ऐकतीय.”

“अगं, पुढल्या वर्षी वय बसत नाय माझं. ही एकच संधी आहे. तू बघितलंय ना मला खेळताना, कन्नडला आली होतीस तू.”

“आले व्हते. लई पळती तू. नाय कोण म्हणतंय?” आजी खिडकीबाहेर बघत होती. “सरू बी लई पळायची.”

अंबिकानं आबांना फोन लावला. पलीकडून आधी मेंढरं बोलली, मग आबा. “आजीला इचार बाई. गाडीत आजी मोठी,” एवढं म्हणून ते कुठल्या तरी बोकडाच्या मागं गेले.

फोन ठेवला तर आजीनं ओढणीचं टोक ओढून घेतलं होतं आणि पदराशी गाठ मारत होती. गाडीत! बसल्या जागी! ना गर्दी, ना घाट, ना पंडा. अंबिकाला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. तिनं तोंड फिरवलं. चिकलठाण्याच्या कंपन्या गेल्या, विमानतळाची भिंत गेली. सिडकोचा सिग्नल लागला. बाहेर तिच्याच वयाची एक पोरगी स्कूटीवर, एक पाय रस्त्यावर टेकवून, शेंगदाणे खात उभी होती. तिला वाटलं तर ती आत्ता डावीकडं वळेल, वाटलं तर उजवीकडं. अंबिकानं गुडघे घट्ट धरले. चाकाच्या फुगवट्यावर तिचे पाय मुंग्यांनी भरून गेले होते. जिल्ह्यातली सगळ्यात जोरात सूर मारणारी पोरगी, आणि तिला बसल्या जागी पाय सरळ करता येत नव्हता.

पुलाच्या थोडं अलीकडं ड्रायव्हरनं गाडी पेट्रोल पंपात घातली. डिझेल भरायचं होतं. काका ओरडले, “ज्यांना बाथरूमला जायचंय त्येंनीच उतरा! हार-फुलं वेरूळला घेऊ! गाडी थांबणार नाय!”

आजी उठली. गंगेचा गडू तिनं वच्छलाबाईंच्या हातात दिला. दोघी गाठीसकट खाली उतरल्या, गाठीसकट बाथरूमच्या रांगेत उभ्या राहिल्या. आत जाताना मात्र गाठ सोडावीच लागली.

आजी बाहेर आली. अंबिकानं तिला हात धरून गाडीत चढवलं, सीटवर बसवलं. गडू परत मांडीवर आला. अंबिका ओढणीचं टोक पुढं करून उभी राहिली, नेहमीसारखं. आजीनं ते धरलं नाही. ती गडूचं फडकं सारखं करत बसली.

“आता मी जाऊन येते बाथरूमला,” अंबिका म्हणाली.

आजीनं खाली बघितलं. अंबिकाच्या पायांत चपला नव्हत्या, खेळायचे बूट होते. सीटखालून तिनं ते कधी काढले, कधी नाड्या बांधल्या, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. आजीनं बूट बघितले. मग परत फडकं सारखं करायला लागली.

“जा,” ती म्हणाली.

अंबिका खाली उतरली. बाथरूमकडं गेली नाही. गाडीला वळसा घालून पलीकडच्या अंगाला, मागच्या चाकाजवळ, आपल्याच खिडकीखाली येऊन उभी राहिली. पंपाच्या फाटकातून जालना रोड दिसत होता. रिक्षा दिसत होत्या. दहा ढांगा टाकल्या की ती रस्त्यावर. आणि तिचे पाय जागचे हलेनात. वर आजी होती. आजीला न सांगता ती पळाली तर त्या सीटवर काय होईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. गाडी सुटेल, काका ओरडतील, आजी शेजारी बघेल आणि तिला भरून वाहणारी कळशी दिसेल. छे! असं नाही जमणार. तिनं कपाळ पत्र्याला टेकवलं. पत्रा तापलेला होता. चटका बसला तरी ती तशीच उभी राहिली. एक मिनिट रडायचं आणि वर चढायचं, असं तिनं ठरवलं.

तेवढ्यात दारातून आरोळी आली. “जोडी हाय का?”

सुरू झालं. “नाना हाय!” “शकुंतला हाय!” “गुरुजी हाय!” आवाज सीटमागून सीट सरकत मागं यायला लागले. “वच्छलाबाई हाय!” “सुमन हाय!” ही सुमन म्हणजे वच्छलाबाईंची जाऊ. आता पुढची पाळी चाकावरच्या सीटची.

“म्हाळसाबाई?” काकांचा आवाज. “जोडी हाय का?”

अंबिकानं मान वर केली. खिडकीच्या काठावर तिला फक्त आजीचा हात दिसत होता. गडूवर ठेवलेला. काळा, शिरा उठलेला, हिरव्या बांगड्यांचा.

“अंबिका हाय,” आजी म्हणाली.

अंबिकाला वाटलं आपल्याला भास झाला. गंगा मांडीवर घेऊन, काशीहून परत येताना, आजी, म्हणजे आपली आजी, जी मेंढराच्या वजनातसुद्धा कधी खोटं बोलली नाही, ती…

“जोरात सांगा!”

“अंबिका हाय म्हनलं ना!”

आता राहिली अंबिकाची पाळी. गाडी वाट बघत होती. तिचा आवाज आला नाही तर काका मागं येऊन बघणार, आणि मग संपलं. तिनं छाती भरून श्वास घेतला, तोंड खिडकीकडं केलं आणि जन्मात कधी ओरडली नसेल अशी ओरडली, “म्हाळसाबाई हाऽऽऽऽय!”

ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

उरलेल्या जोड्या झाल्या, दार आपटलं, गाडी हलली. अंबिका पंपाच्या खांबाआड सरकली. आजीनं बाहेर बघितलं नाही. फक्त तो हात गडूवरून उठला आणि खिडकीच्या गजाला येऊन घट्ट बसला. गाडी रस्त्याला लागेपर्यंत तो तिथंच होता.

मग अंबिका पळाली.

रिक्षावाले चाचा म्हणाले, “किधर जाना बेटा, इत्ता हाँप रही?” ती म्हणाली, “क्रीडासंकुल, सूतगिरणी चौक, और चाचा, पळवो!” चाचांना हिंदी कळली की मराठी कोण जाणे, पण त्यांनी पळवली.

मंजुषा मॅडम फाटकातच उभ्या होत्या. शेवटच्या गटाची नावं पुकारून झाली होती. त्यांनी तिचा दंड धरला आणि सरळ मैदानात नेऊन एका चौकोनात बसवलं. पहिला डाव अंबिकानं अक्षरशः घालवला. पाय म्हणजे कुणाचे तरी उसने आणल्यासारखे, चाकावर बसून बसून सुजलेले. खो मिळाला, उठली, दोन पावलं टाकली आणि साष्टांग नमस्कार. निवड समितीतला एक जण कानाजवळ बोट फिरवत दुसऱ्याला काहीतरी म्हणाला. दुसऱ्या डावात मात्र पायांत रक्त उतरलं. तिनं खांबाशी एकीला गाठलं, मग दुसरीला, आणि तिसरीसाठी असा सूर मारला, की कोपरापासून मनगटापर्यंत सालटं गेलं. तिसरी निसटली. बोटभर अंतरानं निसटली.

संध्याकाळी मॅडमनी तिला कन्नडच्या एसटीत बसवून दिलं. दौलताबादचा घाट चढताना अंबिकाला पहिल्यांदा भीती वाटली. इतका वेळ तिला सवडच नव्हती. पुढं वेरूळला काय चाललं असेल? आजीला कोणी काय बोललं असेल?

बरंच काही बोलले होते. वेरूळला गाडी उतरताना काकांच्या ध्यानात आलं, आणि मग जो गोंधळ झाला तो आजूबाजूच्या हारवाल्यांनी दुकानं सोडून पाहिला. वच्छलाबाई म्हणाल्या, यात्रा मोडली. कोणी म्हणालं पोलिसात जा. कोणी म्हणालं म्हातारीला चळ लागला. आजी एवढंच म्हणाली, “माझी जोडी यायचीय. ती आल्यावर मी गंगा घालीन. तुमी घाला तुमची.” आणि देवळाच्या बाहेरच्या पायरीवर बसली, गडू मांडीवर घेऊन. बाकीच्यांचे अभिषेक झाले, प्रसाद झाला, चहा झाला. काका गाडी काढेनात, कारण एक जोडी कमी होती. आजी हलेना. सगळी यात्रा तिच्यापायी वेरूळात अडकून पडली.

अंबिका फाट्यावर उतरून पळतच आली. गाडीजवळ पोचली तोच सगळे एकदम तुटून पडले.

“आली बघा महाराणी!”

“काही लाज?”

“तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवलं असतं?” काकांचा आवाज चिरकला होता. त्यांना खरंच घाम फुटला होता, हे अंबिकाला दिसलं. तिनं खाली वाकून त्यांच्या पाया पडून टाकलं. काका गडबडले, “बरं बरं” म्हणाले आणि पुन्हा रागावायचं विसरले.

ती आजीसमोर जाऊन उभी राहिली. आजीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. एकदा बघितलं, परत बघितलं. हात लावून बघितलं. सालटं गेलेल्या हातावर बोट ठेवलं तशी अंबिका “स्स” म्हणाली, आणि आजीचा चेहरा सैल झाला. दुखतंय म्हणजे खरीच आहे.

“घेतलं का?” आजीनं विचारलं.

“राखीवमधी.”

“म्हंजी?”

“म्हणजे संघात आहे, पण बाजूला बसून राहायचं. कोणी पडलं, दमलं, तरच उठून आत जायचं.”

आजीनं जरा विचार केला. “बसून ऱ्हायचं?”

“हं.”

“मंग त्यात तुजा हात कोन धरनार? काशीपासनं बसूनच आलीस की.”

गाडीच्या दारात उभ्या वच्छलाबाई आधी फिसकन हसल्या, आणि मग हसल्याबद्दल त्यांनी स्वतःच तोंड वाकडं केलं. आजीनं एक हात वर केला. “चल, गंगा घालून येऊ. धर मला. नाय, गडू नको धरू. तो मी धरते. तू मला धर.”